चौकात शिकलेलं नर्सिंग

न्यूयॉर्क शहरात कॉल नसताना अँब्युलन्सने स्टेशनात बसून राहायचं नसतं. प्रत्येक गाडीला एक चौक नेमून दिलेला असतो. तिथे कडेला गाडी लावायची आणि रेडिओवर आपला नंबर पुकारला जाण्याची वाट बघायची. आमचा चौक क्वीन्समध्ये होता, रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूजवळ. वरून सात नंबरची ट्रेन धडधडत गेली की मांडीवरचं पुस्तकही थरथरायचं. माझं नर्सिंगचं निम्म्याहून अधिक शिक्षण त्या चौकात, पॅरामेडिकच्या गणवेशात झालं.

मी मूळची मिरजेची. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचं गाव. आमच्या नात्यात कुणी कंपाउंडर, कुणी लॅबमध्ये, आणि मावशी सिस्टर. मी लग्न होऊन क्वीन्सला आले, आधी इएमटी, म्हणजे अँब्युलन्सवरच्या कामाची पहिली पायरी, झाले आणि मग पॅरामेडिक. कामाची झिंग होती. पण लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या पाचव्या मजल्यावरून खुर्चीला बांधलेला पेशंट पायरी पायरी उतरवायचा, हे काम कंबर किती वर्षं करू देणार? शिवाय पगाराचं होतंच. इमर्जन्सीच्या दारात ज्या नर्सच्या ताब्यात पेशंट द्यायचा, तिचा पगार आमच्यापेक्षा बराच जास्त.

साध्या नर्सिंग कॉलेजात जाणं जमण्यासारखं नव्हतं. तिथे वॉर्डातल्या ड्युट्यांचे दिवस ठरलेले. माझ्या बारा तासांच्या पाळ्या आणि घरातलं लहान मूल त्यात कुठेच बसेना. मग एक्सेलसियरचं नाव कळलं. न्यूयॉर्क राज्याच्या बोर्ड ऑफ रीजंट्सने १९७१ मध्ये बाहेरून परीक्षा देऊन पदवी मिळवण्याची सोय काढली, तिचंच हे पुढचं रूप. मी शिकले तेव्हा ते कॉलेज होतं, २०२२ पासून युनिव्हर्सिटी आहे. नर्सिंगच्या या अभ्यासक्रमाला कुणालाही प्रवेश नव्हता. आधीच रुग्णसेवेत असलेल्यांसाठी, म्हणजे प्रॅक्टिकल नर्स, पॅरामेडिक, लष्करातले मेडिक अशांसाठी तो होता. वर्ग नाहीत, बाई नाहीत, हजेरी नाही. विषयाची रूपरेषा आणि पुस्तकांची यादी मिळे. तयारी झाली की संगणक केंद्रात जाऊन पेपर द्यायचा. सगळे पेपर सुटले की शेवटी खऱ्या हॉस्पिटलात, खऱ्या पेशंटवर, शुक्रवार संध्याकाळ ते रविवार अशी प्रात्यक्षिक परीक्षा.

मला वाटलं होतं, आपल्याला हे सोपं जाईल. ईसीजी वाचता येतो, चालत्या गाडीत शीर सापडते, नळी घालता येते. कॉलेजातून नुकत्या बाहेर पडलेल्या नर्सला यातलं किती येतं? पण पुस्तकं उघडली आणि लक्षात आलं, की आम्हाला पेशंटचं आयुष्य फार तर तासाभराचं माहीत असतं. त्याच्या आधीचं तो सांगेल तेवढं, आणि दाराच्या आत गेल्यानंतरचं काहीच नाही.

बाळंतपणाचंच घ्या. मेडिकला अडलेलं बाळंतपण येतं. बाळाचं डोकं कसं सांभाळायचं, नाळ कुठे चिमटायची, पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला अ‍ॅपगार, म्हणजे बाळाच्या तब्येतीचे गुण, कसा मोजायचा, हे सगळं पाठ. त्यानंतर बाई आणि बाळ वरच्या मजल्यावर गेले की आमच्या लेखी ती केस संपली. नर्सिंगचं पुस्तक तिथून पुढे सुरू होतं. गर्भाशय घट्ट आहे की मऊ? मऊ असेल तर चोळा. ते बेंबीच्या वर आणि उजवीकडे सरकलेलं लागलं, तर बहुधा मूत्राशय भरलंय. आधी बाईला लघवीला नेऊन आणा. अंगावरून किती जातंय, दूध उतरतंय का, ती बाळाकडे बघते की भिंतीकडे? इतक्या बायकांना मी हॉस्पिटलात पोचवलं होतं, पण पोटावर हात ठेवून हे बघायचं असतं हे मला त्या चौकात कळलं.

प्रश्नांचा घाटही निराळा. सरावाच्या प्रश्नांत हमखास येणारा एक नमुना असा: चार पेशंट आहेत, नर्स आधी कुणाकडे जाईल? एक, फुप्फुसाचा जुनाट आजार असलेले आजोबा, दोन लिटर ऑक्सिजनवर आहेत, सॅच्युरेशन ९०. दोन, अपेंडिक्स काढलेला तरुण, दुखणं दहापैकी सात. तीन, मधुमेही बाई, साखर २४०. चार, काल थायरॉइडची शस्त्रक्रिया झालेली बाई, म्हणते ओठांभोवती मुंग्या येताहेत.

मेडिकचे पाय आजोबांकडे वळतात. श्वास आधी, हे हाडीमाशी खिळलेलं असतं. पण त्या आजोबांचं सॅच्युरेशन ८८ ते ९२ मध्ये असणं हे ठीकच. ते रोज तसेच असतात. धोका आहे तो मुंग्यांत. थायरॉइडसोबत शेजारच्या पॅराथायरॉइड ग्रंथी दुखावल्या तर रक्तातलं कॅल्शियम उतरतं, स्नायू आखडू लागतात आणि घसाही आवळू शकतो. म्हणजे श्वासाचा खरा प्रश्न चौथ्या खाटेवर आहे. तो अजून उभा राहिलेला नाही, एवढंच. आम्ही जे झालंय त्यावर धावतो, या परीक्षेत जे होऊ घातलंय ते ओळखायचं असतं. शिवाय रस्त्यावर आमच्यापुढे एका वेळी एकच पेशंट असतो. चार खाटा सांभाळत, कुठलं काम मदतनिसावर सोपवायचं आणि कुठलं स्वतःच करायचं, हे ठरवण्याची सवयच नसते.

गाडीतला माझा जोडीदार क्वीन्समध्येच वाढलेला, मूळचा कोलंबियाचा. तो माझी प्रश्नांची कार्डं हातात घेऊन परीक्षक व्हायचा. ‘आधी काय करशील?’ असं त्याने विचारलं की मी औषधाचं नाव आणि डोस सांगायची. तो मागचं उत्तर वाचून हसायचा: ‘इथे लिहिलंय, पेशंटला विचार काय होतंय.’ एवढ्यात रेडिओवर आमचा नंबर यायचा, कार्डं डॅशबोर्डवर विखुरलेली राहायची, आणि परत येईपर्यंत इन्सुलिनची कार्डं अर्भकांच्या लसीकरणात मिसळलेली असायची.

रविवारी मावशीचा फोन असे. तिला या ‘घरबसल्या नर्सिंग’चा पहिल्यापासून संशय. ‘अगं, वॉर्ड न करता कसली सिस्टर होतेस?’ मी म्हणायची, ‘मावशी, रस्ता केलाय की.’ ती म्हणे, ‘रस्त्यावर पेशंटची कूस कोण बदलतं?’ बोलणं खरंच होतं. दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा आणि माकडहाड बघायचं, लाल झालेली जागा दाबून पांढरी होते का ते तपासायचं. आमच्या कामात दोन तास एका पेशंटजवळ कुणी नसतंच.

एकदा तिने गणित घातलं. एक लिटर सलाईन आठ तासांत द्यायचं, मिनिटाला थेंब किती? मी म्हटलं एकतीस. ती म्हणाली बेचाळीस, आणि वर, ‘पोरी, पेशंट कोरडा ठेवशील.’ आम्ही दोघींनी कागदावर मांडून पाहिलं. तिच्या संचात एका मिलिलिटरला २० थेंब पडायचे, माझ्या पुस्तकातल्या संचात १५. दोघींचंही बरोबर. त्या दिवसापासून तिचा विरोध मावळला आणि ती माझी थेंबांची शिकवणी घेऊ लागली. पंप हाताशी नसताना घड्याळाच्या काट्यावर नजर ठेवून चाकी फिरवायची आणि थेंब मोजायचे, हे तिने वॉर्डात वर्षानुवर्षं केलेलं. प्रात्यक्षिक परीक्षेत नेमकं तेच होतं: औषधाची छोटी पिशवी लावायची, वेग काढायचा आणि थेंब हाताने जुळवायचे.

ती परीक्षा राज्याच्या उत्तरेकडच्या एका हॉस्पिटलात होती. शुक्रवारी संध्याकाळी जखमेचं निर्जंतुक ड्रेसिंग, इंजेक्शनं, शिरेतून औषध. शनिवारी आणि रविवारी पेशंट: दोन मोठे, एक लहान मूल. प्रत्येकाला अडीच तास. आधी पेशंटची माहिती वाचून काळजीचा आराखडा लिहायचा, मग खोलीत जायचं, शेवटी काय साधलं ते लिहायचं. परीक्षक बाई पाटीला कागद लावून कोपऱ्यात उभ्या, चेहऱ्यावर काही नाही. आत शिरल्यावर पहिल्या वीस मिनिटांत सलाईनचा वेग आणि सुईची जागा बघून झालीच पाहिजे. हात धुवायचे, मनगटावरचा पट्टा वाचायचा. यातली एक आवश्यक गोष्ट राहिली तरी तो पेशंट नापास. बाकीचं कितीही सुरेख केलेलं असो.

माझे एक पेशंट होते ऐंशीच्या पुढचे, शेती केलेले, निमोनियातून उठलेले. त्यांना खाटेवरून खुर्चीत बसवणं माझ्या कागदावर होतं आणि ते हलायला तयार नव्हते. गाडीत असते तर त्यांना उचलून ठेवलं असतं, तेवढी ताकद होती. इथे तसं चालणार नव्हतं. मी विचारलं, खुर्ची भिंतीकडे लावू की खिडकीकडे? ते म्हणाले, खिडकीकडे, बर्फ किती साठलाय बघू दे. मी पाय खाली सोडायला लावले, चक्कर येतेय का विचारलं, थांबले, पुन्हा विचारलं. रस्त्यावर ते थांबणं मला भारी पडलं असतं. इथे तीच माझी परीक्षा होती. ते खुर्चीत टेकले तेव्हा बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं.

त्यानंतरचा एनक्लेक्स, परवान्याचा पेपर, त्या मानाने सुसह्य वाटला. तो संगणक जुन्या मास्तरांसारखा. बरोबर उत्तर दिलं की त्याहून अवघड विचारतो. तेव्हा ७५ ते २६५ प्रश्न येत, वेळ सहा तास. एप्रिल २०२३ पासून स्वरूप बदललं आहे, प्रश्न ८५ ते १५० आणि वेळ पाच तास. एकाच पेशंटची कहाणी टप्प्याटप्प्याने उलगडणारे प्रश्नही आले आहेत. पॅरामेडिकांना तेच जास्त जड जातील, कारण कहाणीचा दुसरा टप्पा आम्ही क्वचितच पाहिलेला असतो.

आता मी इमर्जन्सीत दाराच्या आतल्या बाजूला असते. मेडिक पेशंट घेऊन येतात तेव्हा मी औषधं आणि डोस ऐकतेच, पण आणखी दोन गोष्टी विचारते: घरात कोण होतं, आणि रोज तो स्वतः चालतो का? पूर्वी हे मला कुणी विचारलं की राग यायचा. आता माहीत आहे, की पेशंट घरी कधी जाणार आणि कसा जाणार, हे या उत्तरांवर ठरतं.

एडिसनहून, ह्यूस्टनहून आपली मुलं फोन करतात: ताई, असं बाहेरून नर्सिंग करता येतं का? मी सांगते, पुस्तकं घेण्याआधी ज्या राज्यात नोकरी करायची तिथल्या नर्सिंग बोर्डाचा नियम वाचा. कॅलिफोर्नियाने तर डिसेंबर २००३ नंतर अशा अभ्यासक्रमाला नाव घातलेल्यांना परवाना नाकारला, आणि इतरही काही राज्यं वॉर्डातले जादा तास मागतात. मावशीचीच हरकत ती, फक्त कायद्याच्या भाषेत. ती रास्तही आहे. म्हणून दुसरं सांगते: नात्यातलं कुणी अ‍ॅडमिट असेल तर डबा देऊन लगेच निघू नका, दोन तास खाटेजवळ बसा. पुस्तकं टपालाने येतात; ते बसणं मात्र स्वतःच शिकावं लागतं.