काळा पडदा आणि खुले ज्ञान

26 सप्टेंबर 2024 रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील तीन परम रुद्र महासंगणकांचे लोकार्पण झाले. पुण्यातील यंत्र नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या कामासाठी आहे. अशा बातम्यांत एक गोष्ट सहसा येत नाही. नोव्हेंबर 2017 पासून जगातील सर्वाधिक वेगवान 500 महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालते. जबलपुरातील आमच्या घरच्या जुन्या डेस्कटॉपवरही लिनक्सच आहे, आणि गेल्या मे महिन्यात त्याच डेस्कटॉपने आम्हाला रडवले.

पुतणी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करते. प्रकल्पाचा अहवाल देण्यास तीन दिवस उरले असताना तिने संगणक अद्ययावत केला आणि पुन्हा सुरू केला. "काका, पडदा काळाच आहे," ती म्हणाली. आठवड्याभराचे काम त्या एकाच डिस्कवर होते. दुरुस्तीवाल्याने फोनवरच निकाल दिला, "कार्ड गया, भैया. नया डलवा लो।"

कळफलकावरील न्यूमलॉकचे बटण दाबले की दिवा लागत होता, विझत होता. म्हणजे यंत्र जिवंत होते. मग ते सुरू होताना येणाऱ्या यादीतून आम्ही आधीचे कर्नेल निवडले, आणि पडदा उजळला! कार्ड तेच, तार तीच, मॉनिटरही तोच. बदलले होते केवळ कर्नेल. दोष हार्डवेअरचा नव्हता, हे या एका प्रयोगाने सिद्ध झाले. पहिले काम म्हणून पुतणीने सर्व फाइली पेनड्राइव्हवर उतरवल्या.

आता कारण शोधायचे होते. कर्नेल हा प्रणालीचा गाभा. ड्रायव्हर हा गाभा आणि कार्ड यांच्यामधला दुभाषा. आमचा ड्रायव्हर कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा, कर्नेलबाहेरचा होता. असा ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नेलसाठी पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. आमच्या जुन्या कार्डासाठीची आवृत्ती नव्या कर्नेलशी जुळलीच नव्हती. नोंदवहीत तशी त्रुटी स्पष्ट लिहिलेली होती. कंपनीने त्या पिढीच्या कार्डांकडे लक्ष देणे थांबवले होते, आणि ड्रायव्हरचा मूळ आराखडा बंद असल्याने तो दुसरे कोणी सुधारूही शकत नव्हते.

जुन्या कर्नेलवर कायम राहिलो असतो, तर सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळाल्या नसत्या. म्हणून आम्ही कंपनीचा ड्रायव्हर काढून 'नूव्हो' हा खुला ड्रायव्हर वापरायचे ठरवले. तो लिहिणाऱ्यांपाशी चिपची माहितीपत्रके नव्हती. कंपनीचा ड्रायव्हर चिपला कोणते आकडे पाठवतो आणि चिप काय उत्तर देते, हे नोंदवत त्यांनी तिची भाषा उलगडली. 2010 मध्ये हे काम कर्नेलमध्ये सामील झाले. निसर्गाचे नियमही आपण असेच शोधतो, असे पुतणी म्हणाली; मला ते पटले.

तरीही पडदा काळाच! या वेळी चूक माझी होती. जुना ड्रायव्हर बसवताना नूव्होला मज्जाव करणारी एक फाइल तयार झाली होती. ती मी काढलीच नव्हती. कर्नेलच्या आज्ञेत 'नोमोडसेट' हा शब्द जोडून आम्ही अगदी साध्या चित्रावर यंत्र चालू केले, ती फाइल काढली, आरंभीची प्रतिमा नव्याने बनवली आणि यंत्र पुन्हा सुरू केले. रात्री दीड वाजता पडदा उजळला. 'एलएसपीसीआय' या आज्ञेने ड्रायव्हर म्हणून नूव्होचेच नाव दाखवले.

अहवाल वेळेत गेला. त्या यंत्रावर भारी त्रिमितीय खेळ चालत नाहीत. आलेख, लेखन आणि आकडेमोड मात्र विनासायास होते. 2022 मध्ये ग्राफिक्स क्षेत्रातील एका आघाडीच्या कंपनीने आपल्या लिनक्स ड्रायव्हरचा कर्नेलमधील भाग खुला केला, पण तो 2018 आणि त्यानंतरच्या पिढ्यांच्या कार्डांपुरता. त्याहून जुनी यंत्रे भारतात असंख्य घरांत आणि शाळांत आहेत. त्यांपैकी किती खरोखर बिघडतात आणि किती केवळ माहिती बंद असल्यामुळे भंगारात जातात?

विद्यार्थिमित्रांनो, पडदा काळा झाला तर आधी जुने कर्नेल चालवून पाहा, फाइलींची प्रत काढा, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि ती लिहून ठेवा. नवे कार्ड घेण्यापूर्वी त्याचा ड्रायव्हर कर्नेलमध्येच आहे का, हेही पाहा.