मेंढपाळाचं जेवण, पंचतारांकित ताटात

काल रात्री नरिमन पॉइंटच्या एका पंचतारांकित हॉटेलातल्या इटालियन रेस्तराँत जेवलो. कडक इस्त्रीचे नॅपकिन, काट्याचमच्यांची रांग, अदबीनं हळू बोलणारे वेटर. मी मागवलं काचो ए पेपे. साहित्य तीनच: पास्ता, पेकोरीनो चीज आणि काळी मिरी. रोमच्या आसपासच्या मेंढपाळांचं हे खाणं मानलं जातं. मेंढीच्या दुधाचं टिकाऊ चीज त्यांच्या गाठीशी असायचंच. लोणी नाही, क्रीम नाही. पास्ता शिजवलेल्या पाण्यातल्या स्टार्चमुळे चीज मिळून येतं. आच जरा वाढली की गुठळ्या. सगळी करामत हाताची.

इटलीत असं आणखीही आहे: टस्कनीचं रिबोलिता सूप शिळ्या पावाचं, उत्तरेचा पोलेंटा मक्याच्या भरडीचा. गरिबांनी पोटासाठी शोधलेलं आज चांदीच्या ट्रेमधून येतं. मिरीचा प्रवास मात्र उलटा. मलबारातून व्हेनिसला पोचायची तेव्हा ती श्रीमंतांची चैन होती. आता मेंढपाळाचं चीजच महाग.

बिल पाहिलं आणि कळलं, पैसे पदार्थाचे नव्हतेच. ते खिडकीतल्या समुद्राचे आणि दर वाक्याला ‘सर’ म्हणणाऱ्या आवाजाचे. पास्ता मात्र अप्रतिम होता. पुन्हा नक्की जाईन, बिल दुसरं कुणी भरणार असेल तर!