आबांचा घण

कशेडी घाटात ट्रकचा पाटा तुटला की ड्रायव्हर कपाळाला हात लावायचा आणि आमचे आबा गोणपाट घेऊन निघायचे. त्या पाट्याच्या कोयत्या व्हायच्या. हत्यारंही तसलीच! ऐरण रुळाच्या तुकड्याची, घण मोडक्या अ‍ॅक्सलचा, भात्याच्या जागी सायकलच्या चाकावर फिरणारा पंखा. चाक माझ्याकडे.

"हळू रं, लोखंड जळंल!"

पातं पिकल्या रातांब्यासारखं लाल झालं की पाणी पाजायचं. पाणी म्हणजे गॅरेजातलं जळकं ऑइल. साध्या पाण्यात पाटा तडकतो.

२०२३ च्या गणपतीत बोगद्यातून गाड्या सुटल्या. आता घाट मोकळा. पाटा मी महाडातून किलोवर आणतो. घण आबांचाच आहे, दांडा दोनदा बदलला.