दुपारी काय होतं, ते लिहा

सकाळी नऊला मला भेटलात, तर माझ्यात काही उणं आहे असं वाटणार नाही. नळावरून हंडा आणते, गिऱ्हाइकाचं माप घेते. दुपारी पत्रा तापला की डावा पाय जड पडतो, चप्पल निसटली तरी कळत नाही आणि ब्लाउजला हूक लावताना सुई बोटांत आहे की नाही, ते डोळ्यांनी बघावं लागतं.

आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीराची प्रतिकारशक्तीच मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडते आणि मेंदूचे निरोप वाटेत अडखळतात. अंग तापलं की जास्तच अडखळतात. श्रमाने अशा रुग्णांची नजर तात्पुरती मंदावते, हे विल्हेल्म उथोफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्येच नोंदवून ठेवलं होतं; त्यामागे अंगाचं तापणं असतं, हे नंतर कळलं. संभाजीनगरात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा माझं मशीन दुपारभर बंद असतं. पिको-फॉलची कामं दुसरीकडे गेली, म्हणून निराधारचा अर्ज करायचं ठरलं.

संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगाला ऑक्टोबर २०२५ पासून महिना २५०० रुपये मिळतात. त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत आणि दिव्यांगत्व किमान ४० टक्के लागतं. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते, त्यांत माझा आजार नव्हता. २०१६ च्या कायद्याने ते २१ केले, तेव्हा तो यादीत आला. पण यादीत नाव असलं म्हणजे टक्के मिळाले असं नाही. आजारामुळे हातापायांचं, नजरेचं किती काम गेलं, ते रुग्णालयातलं वैद्यकीय बोर्ड तपासतं.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरून झाल्यावर रुग्णालयातल्या समाजसेविका ताईंनी माझं टिपण वाचलं. मी लिहिलं होतं, ‘खूप त्रास होतो, अशक्तपणा येतो.’ त्या म्हणाल्या, “असं तर इथं सगळेच लिहितात. सुईत दोरा ओवता येतो का, ते लिहा. दुपारी काय होतं, ते लिहा. आणि जे जमतं तेही लिहा, म्हणजे बाकीच्यावर विश्वास बसेल.”

मग वहीत रोजचं टिपायला लागले. सलग किती वेळ पायडल मारता येतं, त्यानंतर किती वेळ पडून राहावं लागतं. बाजारात जाता येतं, पण पिशवी घेऊन परतताना मधे बसावं लागतं. रात्री लघवीची घाई होते, अंधारात भिंत धरून जाते. हे शेवटचं लिहिताना हात थांबला होता. तरी लिहिलं.

तपासणीची वेळ सकाळची, तीही हिवाळ्यातली. डॉक्टरांनी विचारलं, “चालता येतं ना?” मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, “घरातलं सगळं करते हो ती!” चारचौघांत लेकीचा कमीपणा तिला सांगवेना. तिचं खोटं नव्हतं, मी करतेच. किती वेळात आणि त्यानंतर माझं काय होतं, ते त्या वाक्यात मावत नव्हतं. मी वहीचं पान पुढे केलं. डॉक्टरांनी ते वाचून एका रेषेत टाचेला पंजा लावून चालायला सांगितलं, डोळे मिटायला लावून बोटांना टोचून पाहिलं. “पडलात कधी?” पडल्याचे दिवसही पानावर होते.

टक्के चाळीसच्या वर आले, पुढे फेरतपासणीची अट आहे. निराधारचा अर्ज सेतूतून तहसीलला गेला. वही मी चालूच ठेवली आहे.

परवा गल्लीतल्या एक काकू आल्या. काकांना पार्किन्सन आहे, तोही त्या २१ प्रकारांत येतो. गोळी लागू असते तोवर त्यांचा हात बराच स्थिर असतो आणि तपासणीला नेमके तसेच दिसतील, ही काकूंना धास्ती. म्हटलं, “काकू, गोळीची वेळ लिहा. किती वेळाने असर उतरतो ते लिहा. आणि उतरल्यावर शर्टाची बटणं कोण लावतं, तेही लिहा.”