तापोळ्याला तंबू टाकण्याआधी चार प्रश्न विचारा

थंडी पडली की महाबळेश्वरच्या बातम्या ठरलेल्या असतात. वेण्णा लेकच्या जेटीवर आणि लिंगमळ्यात दवबिंदू गोठले, हिमकण दिसले, पर्यटक खूश. दोन दिवसांत पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांचे फोन सुरू होतात. पूर्वी विचारायचे, "हॉटेल मिळेल का?" आता विचारतात, "पाण्याकाठी कॉटेज किंवा टेंट मिळेल का?"

यंदा आमच्याकडेही तोच बेत आहे. तीन कुटुंबं, पाच पोरं, दोन रात्री. आम्ही साताऱ्याचे, म्हणून ठिकाण शोधायचं काम आपसूक माझ्यावर आलं. आठवडाभर फोन केले, दोन ठिकाणी जाऊन आलो. त्यात जे दिसलं ते इथे लिहितोय, कारण हा फक्त आमच्या सहलीचा विषय नाही.

आधी जागा समजून घेऊ. वेण्णा लेक १८४२ सालचा, साताऱ्याच्या छत्रपती आप्पासाहेब महाराजांनी बांधलेला. तिथे बोटिंग, मक्याचं कणीस आणि गर्दी. मुक्कामाला पाणी हवं असेल तर महाबळेश्वरपासून साधारण २५ किलोमीटर घाट उतरून तापोळ्याला जायचं, नाहीतर साताऱ्याहून कासमार्गे बामणोलीला. हा शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय. पलीकडच्या तीराला कोयना अभयारण्य, आणि २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. २०२४ साली मुनावळ्याला सरकारचं जलपर्यटन केंद्रही सुरू झालं. थोडक्यात, गर्दी आता घाट उतरून खाली आलीय.

आणि हे तळं निसर्गाने दिलेलं नाही, हे पाहुण्यांना मी मुद्दाम सांगतो. या पाण्याखाली गावं आहेत. माझ्या आजीचं माहेर त्यातलंच. साठच्या दशकात पाणी चढलं, लोक उठले. कुणी सांगली-सोलापूरकडे, कुणी ठाणे-रायगडकडे. त्यातल्या कित्येकांच्या वारसांची जमिनीची प्रकरणं आजही मिटलेली नाहीत, आंदोलनं चालूच आहेत. आजीला म्हटलं, "आजी, तू पण चल, पाण्याकाठी राहू." ती म्हणाली, "येते की. पण आपल्याच शिवारात निजायला पैसं कुणाला देणार, तेवढं आधी बघ."

हा प्रश्न विनोदाचा नाही. फोनवर पहिला प्रश्न मी तोच विचारतो.

एक. जागा कुणाची? धरणाचं पाणी जसं उतरतं तशी काठाची जमीन उघडी पडते. तिला आपल्याकडे गाळपेर म्हणतात. ती जलसंपदा विभागाची, शेतकऱ्यांना पिकापुरती भाडेपट्ट्याने मिळते. तिथे तंबू ठोकून "अगदी पाण्याला लागून" अशी जाहिरात करणाऱ्याला परवानगी कुणाची, हे विचारा. लाकडी कॉटेज असेल तर आणखी विचारा, कारण महाबळेश्वर-पाचगणीचा पट्टा जानेवारी २००१ पासून केंद्राने इको-सेन्सिटिव्ह जाहीर केलाय. चाकावरचा कंटेनर आणला म्हणून नियम गळून पडत नाहीत. स्थानिक शेतकऱ्याने स्वतःच्या मालकीच्या रानात चार खोल्या काढल्या असतील तर मी दोन पैसे जास्त देऊन तिथे राहीन. भाकरी, पिठलं, नाचणीचं आंबील त्याच्याच चुलीवरचं मिळतं आणि पैसा खोऱ्यात राहतो.

दोन. संडासाचं पाणी कुठे जातं? एका ठिकाणी विचारलं तर उत्तर आलं, "साहेब, खाली उतारच आहे की." उतार कुठे जातो? जलाशयात. हे पाणी कोयनेतून कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि पुढे सांगलीकडे जातं. तिकडचे लोक नदीचंच पाणी पितात. शोषखड्डा आहे का, सेप्टिक टँक आहे का, काठापासून किती लांब, हे विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही.

तीन. बोट आणि पोहणं. लाइफ जॅकेट प्रत्येकाला, पोरांच्या मापाचं, आणि बोट सुटायच्या आधी अंगात. सीटखाली ठेवलेलं जॅकेट काही कामाचं नाही. पोहण्याचा मोह तर नकोच. हे मुळात डोंगरउतारावरचं खोरं आहे. पाण्याखाली जुन्या शेतांच्या ताली आहेत, गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट डोक्यावरच्या पाण्यात पडतं. उन्हाळ्यात पाणी हटल्यावर काठाला चिखल असतो, त्यात पाय रुततो. मोठा दवाखाना गाठायचा तर महाबळेश्वर नाहीतर सातारा, तोही घाटातून. रात्री गाडी आणि ड्रायव्हर हाताशी आहे का, हेही विचारून घ्या.

चार. थंडीला ऊब कशाची? बंद तंबूत किंवा केबिनमध्ये कोळशाची शेगडी, गॅस हीटर अजिबात नको. जानेवारी २०२० मध्ये नेपाळच्या दामन इथे केरळचे आठ पर्यटक हीटर लावून खोलीत झोपले, सकाळी कुणीच उठलं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. कॉटेजच्या न्हाणीघरात गॅस गिझर असेल तर झरोका आहे का ते बघा. दोन रजया जास्त मागा, शेगडी बाहेर ठेवा.

वासोटा करायचा असेल तर बामणोलीला वन विभागाची परवानगी, मग बोट. आत मुक्काम नाही, अंधार पडायच्या आत परत. सोबतचं प्लास्टिक मोजून आत सोडतात आणि परत येताना मोजून घेतात. पावसाळ्यात बंद. लोक कुरकुर करतात, पण नियम नीट राबवला की जंगल स्वच्छ राहतं, हे तिथे डोळ्यांनी दिसतं. मग तेच अलीकडच्या काठावर का जमू नये?

माझी मागणी साधी आहे. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ साली आलंय, त्यात नोंदणीची तरतूद आहे. मग तालुक्यात नोंदणी झालेल्या कॅम्पची यादी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि तापोळा-बामणोलीच्या बोट धक्क्यावर लावा. नोंदणी सोपी करा, म्हणजे चार खोल्यांच्या शेतकऱ्याला एजंट गाठावा लागणार नाही. रात्री १० नंतर स्पीकर बंद हा कायदा काठावरही लागू करा. ३१ डिसेंबरला एक पोलीस गाडी खाली पाठवा. यात कोट्यवधींचा प्रकल्प लागत नाही.

"पर्यटन बंद करा" असं मी म्हणत नाही. धरणाने ज्यांची शेती नेली, त्यांच्या नातवंडांना या पाण्यावर पोट भरता येत असेल तर त्याच्यासारखा न्याय नाही. पण नवीन महाबळेश्वरच्या आराखड्याची चर्चा जोरात असताना काठच्या जमिनी बाहेरच्यांच्या नावावर जाणार असतील, तर पोरं मालकाऐवजी वेटर होतील. एकदा उठलेल्या खोऱ्यावर दुसऱ्यांदा ती वेळ येऊ नये.

तेव्हा मंडळी, या, जरूर या. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. जून ते सप्टेंबर मात्र तंबूचं नाव काढू नका, इथला पाऊस मापात पडत नाही. बुकिंगचे पैसे पाठवण्याआधी वरचे चार प्रश्न फोनवर विचारा. नीट उत्तर देणारा मालक भेटला तर त्याचं नाव चार लोकांना सांगा. उडवाउडवी करणाऱ्याचं बुकिंग सोडून द्या. गिऱ्हाईक विचारायला लागलं की धंदा आपोआप सुधारतो, सरकारी आदेशाची वाट बघावी लागत नाही.

खोऱ्यातल्या कुणाची स्वतःच्या रानात राहण्याची सोय असेल तर खाली लिहा. गावचं नाव, किती माणसांची सोय आणि संडासाची व्यवस्था, एवढं पुरे.