बाग किती दिवसांची?

आळसावर मराठी माणसाला सर्वांत खडसावून बोलले ते समर्थ रामदास, आणि ते घडले आमच्या नाशकात. परंपरा सांगते, की गोदावरी-नंदिनीच्या संगमावर टाकळीला त्यांनी १२ वर्षं काढली. पहाटेपासून माध्यान्हापर्यंत पाण्यात उभं राहून जप, मग पंचवटीत माधुकरी. त्या नंदिनीला आता सगळे नासर्डी म्हणतात आणि तिच्या पाण्यात पाय घालायची कुणाला इच्छा होणार नाही, ते सोडा. लहानपणी टाकळीच्या मठात नेऊन मोठी माणसं ही गोष्ट सांगत, तेव्हा आपण किती आळशी आहोत एवढंच कळायचं. १२ वर्षांचं तप आळशी माणसाच्या फारसं कामाचं नसतं. ते ऐकून तो आणखी एकदा कूस बदलतो.

दासबोधाचा एकोणिसावा दशक मात्र कामाचा आहे. त्यात करंट्याची लक्षणं आहेत, यत्नावर एक समास आहे. पण दशक सुरू होतो तो अक्षर कसं काढावं इथून. समर्थांच्या हातची मानली जाणारी वाल्मीकिरामायणाची प्रत धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जपलेली आहे. एवढं रामायण उतरवून काढणाऱ्या माणसाने आधी शिकवलं काय, तर ओळ सरळ कशी ठेवायची.

नाशिकची हवा माणसाला आळशी करते असं माझं जुनं मत आहे. मुंबईचा घाम नाही, विदर्भाचं ऊन नाही. रविवारी सकाळी गावाबाहेर गाडी काढून मिसळ खायची आणि दुपारी गुडूप झोपायचं, हा इथला नेम. तरी याच जिल्ह्यात, निफाड-दिंडोरीकडे गेलं, की आळसाला जागाच नाही असं एक काम दिसतं. ते म्हणजे द्राक्षबाग.

निफाड तालुक्यातल्या मामांना फोन केला, की ते प्रकृती नंतर सांगतात, बागेचं वय आधी. ‘बाग किती दिवसांची झाली?’ ‘पस्तीस.’ वेल दहा वर्षांची असेल, पण तिचे दिवस मोजायचे छाटणीपासून. ऑक्टोबरच्या आसपास फळासाठीची गोडी छाटणी झाली, की लगेच काडीच्या डोळ्यांना पेस्ट, मग फुटवे, फेलफुटी काढणं, डिपिंग, थिनिंग, प्रत्येक कामाला आपापला दिवस. ते चुकलं तर वेल रागावत नाही, नुसती पुढे जाते. ढग आले तर डाऊनी रोगावरची फवारणी रात्री उठून. निफाडचा पारा उतरला, की पहाटे बागेत शेकोट्या. जातीप्रमाणे साधारण ११० ते १३० दिवसांत माल हाती येतो. मामांना कधी कुणी कष्टाळू म्हटलं, तर त्यांना ते काहीसं चुकीचं वाटतं. त्यांच्या मते कठीण दिवस एकच, छाटणीची तारीख धरण्याचा. पाऊस परतला का, मजूर मिळतील का, अजून चार दिवस थांबू का, हे चालू असतं तोवर माणूस स्वतःच्या ताब्यात असतो आणि म्हणून वेळ काढतो. कात्री लागली, की मोजणी सुरू होते. मग मन आहे की नाही, हे कोण विचारतो?

मला हे पटतं. निश्चय, प्रेरणा, इच्छाशक्ती यांवर आपण फार बोलतो. टाळण्याचा अधिकारच हातून निघून जाईल अशी सुरुवात करावी, हे क्वचित सुचतं.

बरं, हीच बाग झोपतेही. माल उतरला, की काही आठवडे तिला विश्रांती देतात आणि एप्रिलमध्ये खरड छाटणी घेतात. या छाटणीला फळ नाही. पण पुढच्या हंगामाचे घड उन्हाळ्यातल्या त्या काडीच्या डोळ्यांतच धरले जातात. त्या वेळी बागेकडे दुर्लक्ष झालं, तर ते ऑक्टोबरनंतर कळतं, फूट निघते आणि घडच नसतो. विश्रांतीला मामांची हरकत नसते. ती एप्रिलमध्ये संपते, एवढंच ते बघतात.

घाईही सगळ्यांना साधत नाही. सटाण्याकडे बरेच जण भर पावसाळ्यात छाटणी घेतात. माल लवकर आला तर भाव चढा, पण पावसाने गाठलं तर सगळंच गेलं. एक जानेवारीला गोदापार्कवर पहाटे चालायला आलेली गर्दी पाहिली, की मला हे अर्ली बागायतदार आठवतात. त्यातल्या अनेकांनी त्याच दिवशी साखर सोडलेली असते, रोजनिशी धरलेली असते आणि इंग्रजीचा क्लासही लावलेला असतो. मामा मात्र एक प्लॉट छाटला, की दुसऱ्याला आठ-दहा दिवस हात लावत नाहीत. कारण पेस्ट असो की थिनिंग, एका दिवसाचं काम सगळ्या बागेत एकाच दिवशी येऊन उभं राहतं. सगळं एकदम छाटून मोकळं का होत नाही, असं मी एकदा विचारलं.

‘पेठ-सुरगाण्याहून टोळी एकच येते,’ ते म्हणाले, ‘आणि फवारायला मी एकटा.’