उंच चाकावरून खाली

पुरुषार्थ या शब्दाचा अर्थ आपण फार आखडून टाकला आहे. कुणापुढे वाकू नये आणि मनातले कुणाला सांगू नये, एवढाच आशय त्यात उरला आहे.

एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडच्या सायकल-मंडळांचा इतिहास या संदर्भात उद्बोधक आहे. १८७० साली लंडनमध्ये 'पिकविक बायसिकल क्लब' स्थापन झाला. त्याच वर्षी निवर्तलेल्या चार्ल्स डिकन्सच्या स्मरणार्थ सभासदांनी त्याच्या कादंबरीतील पात्रांची नावे धारण केली. वयस्क पिकविक आणि त्याचे तरुण सोबती यांच्या स्नेहाची ती कथा आहे. परंतु तेव्हाची सायकल अशा स्नेहाला अनुकूल नव्हती. तिचे पुढचे चाक छातीइतके उंच असे आणि अडखळले की स्वार डोक्यावर आपटे. हे धाडस तरुणांचे होते. प्रौढांच्या वाट्याला तीनचाकी येई. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी बुटकी 'रोव्हर' आणली, १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवेचा टायर केला. मग विशीचा तरुण आणि साठीचे गृहस्थ एकाच उंचीवर बसून बोलू शकले.

आपल्या मुंबईतही १९२३ साली व्यायाममंडळातील सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासास निघाले. १९२८ मध्ये अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा या तिघांनी तो पुरा केला. शरीरबळ त्यांच्यापाशी होतेच. पण वाळवंटे ओलांडताना सोबत्याचा आधारही तितकाच मोलाचा ठरला असेल.

वरवट बकालच्या रस्त्यावर बाप सायकल रेटत असतो आणि मुलगा मोटारसायकलवरून पुढे निघून जातो. रस्त्यावरचे हे अंतर क्षम्य आहे. घरातले अंतर जीवघेणे ठरते. कापूस बुडाला, कर्ज चढले, तरी बाप मुलाला आकडा सांगत नाही. नोकरी न मिळाल्याची व्यथा मुलगा बापाला सांगत नाही. शेतकरी-आत्महत्यांमुळे २००६ साली केंद्राने विशेष मदत जाहीर केली, त्या विदर्भातील सहा जिल्ह्यांत आपला बुलढाणा होता. त्या मृत्यूंची कारणे अनेक. तरी न उच्चारलेल्या शब्दांचे ओझेही त्यांत होते, असे मला वाटते.

झाडावर चढलेल्या जक्कयला प्रभूने आधी खाली बोलावले, मग तो त्याच्या घरी उतरला. आपल्या घरांतही कुणीतरी आधी खाली उतरले पाहिजे. कर्जाचा आकडा एकदा मुलासमोर उच्चारणे आणि मुलाने तो शांतपणे ऐकून घेणे, हाही पुरुषार्थच आहे.